झाकणाला लागलेलं पांढरं

१

लाल-पनीर दवाखान्यात आहे, असं धाकट्याने फोनवर सांगितलं तेव्हा ताईला वाटलं, कामाच्या रगाड्यात भावाचं डोकं फिरलं.

पण तिथली भाषाच तशी होती. धाकट्याच्या उपाहारगृहाचं नाव होतं 'तुमचं तुम्ही', आणि कारभारही नावासारखाच. गिऱ्हाइकाने काचेच्या कडेकडेने चालत जायचं आणि बोटाने दाखवायचं: भात की रोटी, लाल ग्रेव्ही की हिरवी की पांढरी, पनीर की छोले की कोंबडी, कांदा हवा की नको. काचेपलीकडचा माणूस तेवढंच वाडग्यात घालायचा. भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तुम्ही सांगाल तेच. कमी नाही, जास्त नाही.' नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं कुणाला ठाऊक नसत, त्यांचे वाडगे मात्र सगळ्यांना तोंडपाठ असत. त्यामुळे एक गृहस्थ झाले होते दुप्पट-डाळ, एक बाई झाल्या होत्या बिनकांदा, आणि समोरच्या कचेरीत नोकरी करणारी, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी एक मुलगी झाली होती लाल-पनीर.

ही मुलगी दुपारी वाडगा घेऊन आपल्या टेबलाशी गेली, झाकण उघडलं, दोन घास खाल्ले आणि तिचा घसा आतून सुजायला लागला. शेजारच्यांनी वेळ न दवडता तिला दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. काजू तिच्यासाठी विषच होते. ते तिने पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगून ठेवलं होतं. म्हणून तर काजूच्या पांढऱ्या ग्रेव्हीच्या वाटेला ती कधी जात नसे.

"आणि तिच्या उरलेल्या वाडग्यात काजू निघाले, ताई," धाकटा म्हणाला. "अन्ननिरीक्षकाने दुकान एक दिवस बंद ठेवलं, टोपाटोपातले नमुने नेले, पांढरी ग्रेव्ही बंद करायला लावली आणि मग उघडू दिलं. आता अहवालात जबाबदार माणसाचं नाव लागणार. मी मेजरचं देतोय."

मेजर म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणारा आचारी. धाकट्याने दुकान काढलं त्या दिवसापासून तो होता. अशा अहवालात नाव लागलेल्या आचाऱ्याला पुढे कुणी चुलीजवळ उभं करत नाही, हे धाकट्यालाही माहीत होतं आणि ताईलाही.

"का मेजरचं?"

"काजू त्याच्या ताब्यात असतात म्हणून. तू ये ना जरा, बघून जा."

धाकट्याला तपास नकोच होता. 'बरोबर केलंस' एवढे दोन शब्द ऐकायचे होते. ते दोन शब्द सोडून ताईने त्याला आजवर सगळं काही दिलं होतं. ती विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासत असे, आणि उगाच कुणाला बरोबर म्हणण्याची तिची सवय कधीच मोडली होती. तिने पायांत चपला सरकवल्या.

२

दुकानात शिरल्याशिरल्या गल्ल्यावरून आईचा आवाज आला, "उन्हातून आलीस, आधी काहीतरी खाऊन घे."

"आई, मी कामाला आलेय."

"काम काय पळून जातंय?" असं म्हणून आईने पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे घेतले. वडील गेल्यापासून घरात बसून तिला भिंती खायला उठत. धाकट्याने तिला गल्ल्यावर बसवलं आणि दोन महिन्यांत ती अख्ख्या रस्त्याची काकू झाली. कोण आजारी आहे, कुणाचं घर सुटलंय, कुणाचं लग्न मोडलंय, सगळं तिला ठाऊक. अन्नाला तेवढं हात लावायचा नाही, असा धाकट्याचा दंडक होता. पैशांचा हात आणि अन्नाचा हात वेगळा, हा त्याचा नियम, आणि तो रास्तच होता.

मेजर स्वयंपाकघरात कांदे परतत होता. त्याच्या मिशा आणि त्याची भांडी दोन्ही एका ओळीत असत. ताईने विचारायच्या आत तो म्हणाला, "मालकांनी ठरवलंय ते मला कळलंय, ताई. तुम्ही कशाला तोंडाची वाफ दवडता?"

"मी अजून काही ठरवलेलं नाही. पळी बदलली असेल का? पांढऱ्यातली लालमध्ये गेली?"

"प्रत्येक टोपाच्या पळीची मूठ त्याच्या रंगाची आहे. आणि तशी गेली असती तर लाल टोपात काजू सापडले असते. निरीक्षकाला तिथे काही मिळालेलं नाही." त्याने आच कमी केली. "माझी मुलगी त्या पोरीएवढीच आहे. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. माझ्या हातून झालं असेल तर मी स्वतः जाऊन सांगेन. पण कसं झालं ते तरी मला कळू दे."

हे शेवटचं वाक्य ताईला आवडलं. दोषी माणसं 'मी केलं नाही' म्हणतात. 'कसं झालं' हा प्रश्न त्यांना सहसा पडत नाही, कारण ते त्यांना माहीत असतं.

काचेमागे वाढणाऱ्या माणसाला सगळे मोजमाप म्हणत. त्याची पळी कधी वर नाही, कधी खाली नाही. गिऱ्हाइकं म्हणत, याच्या लग्नात याने अक्षतासुद्धा मोजून टाकल्या असतील. ताईच्या प्रश्नांनी तो दुखावला.

"भात, लाल ग्रेव्ही, पनीर, लिंबाची फोड. इतकंच घातलं, ताई. तिने पहिल्या दिवशी मला काजूचं सांगितलं, तेव्हापासून तिचा वाडगा भरताना मी पांढऱ्या टोपावर झाकण ठेवतो. माझ्याकडे बोट दाखवायच्या आधी..." तो थांबला.

"आधी काय?"

"काही नाही. मालकांच्या घरातली गोष्ट आहे."

"मी मालकांच्या घरातलीच आहे. बोला."

मोजमापने काच पुसायला घेतली. ती आधीच लखलखीत होती. "त्या संध्याकाळी निरीक्षक यायच्या आधी मालकीणबाई मोरीत एक बाटली ओतत होत्या. पांढरं काहीतरी होतं. मला बघून त्यांनी नळ मोठा केला."

३

मालकीणबाई म्हणजे ताईची भावजय. तिच्याकडे लगेच जाण्याचा मोह ताईने आवरला. जळालेल्या गोदामात शिरल्यावर आधी मालकाशी बोलायचं नाही, राखेशी बोलायचं, असा तिचा शिरस्ता होता. इथली राख निरीक्षकाकडे होती.

निरीक्षक कुठल्याही दुकानात पाणीसुद्धा घेत नसे. म्हणून ताईने त्याला समोरच्या बागेतल्या बाकावर गाठलं. तो घरून आणलेला डबा खात होता. एकाच प्रकारच्या धंद्यातली माणसं असल्याने दोघांचं पटकन जमलं.

"एकच विचारते," ताई म्हणाली. "आग लागली की आम्ही बघतो, सगळ्यात जास्त कुठे जळलं आणि कुठे अजिबात जळलं नाही. वाडग्यात काजू वर होते की खाली?"

निरीक्षकाने घास थांबवून तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "हे अजून कुणी विचारलं नव्हतं. त्या कचेरीतल्या लोकांनी झाकण लावून वाडगा जपून ठेवला, म्हणून कळलं. तळाच्या भातात काही नाही. मधल्या ग्रेव्हीत नाही, खालच्या पनीरमध्ये नाही. फक्त अगदी वरच्या थराला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरं लागलेलं होतं."

"आणि त्या पांढऱ्यात काय होतं?"

"काजू, पाणी, मीठ."

"कांदा? वेलची?"

"नाही."

मेजरच्या पांढऱ्या ग्रेव्हीत कांदा वाटून घातलेला असे, वेलची असे. म्हणजे ती ग्रेव्ही नव्हे. ताईने ते बोलून दाखवलं.

"तेवढ्याने तुमचा आचारी सुटत नाही," निरीक्षक म्हणाला. "नुसते काजूही त्याच्याच ताब्यात. मला उद्या अहवाल द्यायचाय. तुमच्या भावाने नाव दिलंय, दुसरं कुणी दिलेलं नाही." त्याने डबा बंद केला. "आणि बाई, टोपात चुकून काही पडतं ते सगळ्यात मिसळतं. हे भरलेल्या वाडग्यावर, वरून, वेगळं घातलेलं आहे. कुणाचा तरी हात त्यासाठी मुद्दाम पुढे आला."

४

लाल-पनीर खाटेवर उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावरची सूज उतरली होती, पण आवाज अजून घोगरा होता. ताईने आपण कोण ते सांगितलं तशी ती जरा सावरून बसली.

"त्या दिवशी काही निराळं वाटलं होतं का गं? चव, वास, काहीही?"

"नाही हो. नेहमीसारखंच होतं. भात, लाल ग्रेव्ही, पनीर. वर काही नव्हतं."

ताईने मान डोलावली आणि पेल्यात पाणी ओतून तिच्या हातात दिलं. वर काही होतं का, असं तिने विचारलंच नव्हतं.

"घरचं कुणी आलंय तुझ्याबरोबर?"

"आई-बाबा लांब असतात. त्यांना कळवलं नाही. उगीच जीव टांगणीला लागेल त्यांचा." मुलीने पेल्याची कड बोटाने पुसली. "दुकान चालू राहील ना? म्हणजे, सगळे आहेत तिथेच राहतील ना?"

"एकाची नोकरी जाणार बहुतेक."

मुलीचा हात थांबला. "कुणाची?"

"आचाऱ्याची."

ती काहीतरी बोलणार असं वाटलं. मग तिने पाणी पिऊन टाकलं आणि खिडकीकडे तोंड केलं. ज्याने हिला मरणाच्या दारात नेलं त्याला ही पाठीशी घालते आहे, हे ताईला कळून चुकलं. पण का, ते काही केल्या कळेना, आणि अशी न कळणारी गोष्ट तिच्या चपलेत गेलेल्या खड्यासारखी टोचत राहायची.

दुकानात परतल्यावर भावजय कोठीघरात सापडली. ताईने आडवळण घेतलं नाही. "मोरीत काय ओतलंस?"

भावजयीचा चेहरा पडला. ती गव्हाच्या पोत्यावर बसली आणि भडाभडा बोलू लागली. काही गिऱ्हाइकांना दूध चालत नाही. त्यांना ग्रेव्हीवर क्रीम घालता येत नाही, म्हणून तिने काजू वाटून, पाणी-मीठ घालून बिनदुधाचं क्रीम केलं होतं. नवऱ्याला न विचारता, कारण त्याला विचारलं की तो आधी नाहीच म्हणतो. पिळायच्या बाटलीत भरून तिने ते गल्ल्याजवळच्या थंड पेयांच्या फ्रिजमध्ये ठेवलं. मुद्दाम तिथे ठेवलं, काउंटरवर इतर पदार्थांत मिसळायला नको म्हणून. ओळखू यावं म्हणून हिरवं टोपण लावलं.

"मोजमापला आणि मेजरला मी सांगणारच होते. पण मागणारा आतापर्यंत एकच आहे, त्याला मी स्वतः घालून देते. आणि त्या दिवशी तो आलाच नाही, ताई. शपथेवर सांगते, त्या दिवशी ते कुणीच मागितलं नाही. मग काजू म्हणताच मी ते ओतून टाकलं. त्याचा काही संबंधच नव्हता, पण हे मला खाऊ की गिळू करतील म्हणून भीती वाटली."

"कधी भरली होतीस बाटली?"

"त्याच सकाळी. अगदी गळ्यापर्यंत."

"आणि ओतलीस तेव्हा किती होती?"

 भावजयीने हवेत बाटली धरल्यासारखा हात धरला, जणू तिचं वजन आठवत होती.

"अर्धीसुद्धा नव्हती," ती हळूच म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई दारापासच्या टेबलाशी बसून राहिली. समोर सरबताचा पेला तसाच भरलेला होता, पण तिचे डोळे वाडग्यांवर होते. बाटलीतून जे गेलं ते कुणीतरी काढलं. काढणाऱ्याला फ्रिजपर्यंत जावं लागलं. आणि घातलं ते सगळ्यात शेवटी.

मोजमाप वाढत होता. भात, ग्रेव्ही, वरचं काहीबाही. भरलेला वाडगा तो काचेवरून पुढे सरकवायचा आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. त्याचं काम तिथे संपायचं. ताईच्या लक्षात आलं की वाडगा त्याच्या हातून सुटतो तेव्हा उघडा असतो.

ती उठून त्याच्याकडे गेली. "झाकण कोण लावतं?"

"झाकण?" मोजमापला प्रश्न इतका क्षुल्लक वाटला की त्याने पळीही थांबवली नाही. "ते गल्ल्यावर लागतं. पैसे घेतले की झाकण लावून पिशवीत."

हे तिला आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, कारण झाकण म्हणजे अन्न नव्हे. आईसुद्धा अन्नाला हात लावतच नव्हती. झाकणाला लावत होती.

 ताई परत जागेवर येऊन बसली. रांगेत एक अनोळखी माणूस होता. आईने त्याचे पैसे घेतले, झाकण दाबलं, वाडगा दिला. त्याच्यामागे दुप्पट-डाळ होते, वयस्कर, पाठीत वाकलेले. आईने त्यांना गुडघ्याचं विचारलं, बोलता बोलता खाली वाकून फ्रिजचं दार उघडलं, बंद केलं, आणि झाकण दाबलं. बघणाऱ्याला वाटावं, सुटे पैसे शोधतेय.

दुप्पट-डाळ ताईच्या शेजारच्या टेबलाशी बसले. त्यांनी झाकण काढलं. डाळीवर क्रीमची एक सुबक पांढरी वेलांटी होती.

"हे तुम्ही मागवलंत?" ताईने विचारलं.

"छे हो. काकू घालतात." म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. "मालकांना सांगू नका. सगळ्यांना नाही घालत, फक्त आपल्या माणसांना. म्हणतात, कोरडं काय खाता, घरी कुणी वाढणारं आहे का तुम्हाला?"

६

ताईने धाकट्याला आणि भावजयीला कोठीघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. तिचा आवाज रोजच्यासारखा स्थिर नव्हता.

"वाडगा मोजमापच्या हातून निघाला तेव्हा चोख होता. काजू होते फक्त वर आणि झाकणाला, म्हणजे ते पडले झाकण लागायच्या क्षणी. झाकण आई लावते. पेयांसाठी दुधाचं क्रीम तिच्या फ्रिजमध्ये असतं, ते ती आपल्या माणसांच्या वाडग्यावर घालते. रोज घालते. त्या दिवशी तिची बाटली संपली. शेजारी तशीच दुसरी गळ्यापर्यंत भरलेली होती. तिने ती घेतली. हिरव्या टोपणाचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता, कारण ती अन्नाला हात लावत नाही असं आपण सगळे धरून चाललो होतो. आणि मुलीचं काजूचं मोजमापला ठाऊक होतं, आईला नव्हतं."

भावजय रडायला लागली. 

"मुलीला कळलं होतं," ताई पुढे म्हणाली. "ती म्हणाली, वर काही नव्हतं. न विचारता म्हणाली. ती आईला वाचवतेय."

"मग आपणही वाचवू," धाकटा म्हणाला. "मेजरला मी वाऱ्यावर सोडणार नाही, त्याचं काय ते बघेन. पण आईचं नाव सरकारी कागदावर? या वयात? ती हाय खाईल, ताई."

"आणि मेजरने खाल्ली तर चालेल?"

"तो परका आहे." बोलून गेल्यावर धाकट्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने मान खाली घातली.

ताईला त्याचा राग आला नाही. क्षणभर तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं. इतकी गोदामं तपासली, पण कुठल्याच राखेत तिला आपल्या घरातलं माणूस सापडलं नव्हतं. तिला वाटलं, आपण फोन उचलला नसता तर बरं झालं असतं. मग तिला मेजरचं वाक्य आठवलं, कसं झालं ते तरी कळू दे, आणि ती बाहेर गेली.

आई गल्ल्यावर नोटा लावत होती. ताईने दुकानाचं दार आतून लावलं, तिच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. गाळलं काही नाही.

आईने मध्ये एकदाच विचारलं, "ती हिरव्या टोपणाची? मला वाटलं सूनबाईने भरून ठेवली."  नोटांचा गठ्ठा तिच्या हातात तसाच राहिला. तिचा चेहरा इतका पांढरा पडला की ताईने तिचा खांदा धरला.

"मी त्या पोरीला मारलं असतं," आई म्हणाली.

"मुद्दाम नाही, आई."

"मेलेल्याला त्याने काय फरक पडतो?" आईने गठ्ठा गल्ल्यात ठेवला आणि उठली. "तो निरीक्षक कुठे बसतो?"

धाकट्याने खूप समजावलं. आई ऐकेना. जाण्याआधी ती स्वयंपाकघरात गेली आणि मेजरसमोर उभी राहिली. "चूक माझी होती आणि बोलणी तुम्ही खाल्लीत," ती म्हणाली. मेजरने घाईघाईने आच बंद केली, हात पुसले. त्याचे डोळे भरून आले होते.

निरीक्षकाच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. त्याने आईला एक दिली आणि ताईला दुसरी, आणि स्वतः उभा राहून सगळं ऐकलं. मग अहवाल पुढे ओढला. आधीचं नाव खोडून नवं लिहिलं. बाटलीवर काय आहे ते न लिहिल्याबद्दल दुकानाला ताकीद दिली. तयार अन्न जिथून जातं त्या जागी आईला आता बसता येणार नाही, हेही त्याने सांगितलं, जरा खाली बघून.

"कारण काय लिहू, काकू? इथे 'निष्काळजीपणा' असं लिहायची पद्धत आहे."

"तसं नका लिहू," आई म्हणाली. "मला सोडायचं म्हणून नाही सांगत. पण खरं ते लिहा. लिहा, न विचारता वाढलं."

 निरीक्षकाने तेवढंच लिहिलं.

७

मुलगी आपल्या खोलीवर परत आली त्या दिवशी आई तिला भेटायला गेली. ताई बरोबर होती. आजाऱ्याला भेटायला आई जन्मात पहिल्यांदा रिकाम्या हाताने निघाली होती, आणि वाटेत दोनदा फळवाल्यापाशी थबकली होती. दोन्ही वेळा तशीच पुढे चालली.

दार उघडून मुलीने काकूंना पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मी काही सांगितलं नाही हो कुणाला," ती म्हणाली.

"मीच सांगितलं. बस आधी, उभी राहू नकोस."

खोलीत एक खाट होती, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. आई खाटेच्या कडेला बसली. ताई दारातच थांबली.

"एवढं झालं, तरी माझं नाव का नाही घेतलंस गं?" आईने विचारलं.

मुलगी पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत राहिली. "तुम्हाला तिथून उठवलं असतं. मग मला रोज काय, कशी आहेस म्हणून कोण विचारणार होतं? कचेरीत सगळे फक्त काम झालं का ते विचारतात."

"उठवलंच मला. झालं ते बरं झालं." आईने तिचा हात हातात घेतला. "मी तुला झोपलीस का विचारलं, आईचा फोन आला का विचारलं. तुला काय चालतं आणि काय चालत नाही, ते कधी विचारलं नाही. आता विचारते. सगळं सांग. मला घाई नाही."

आई गप्प बसून उत्तराची वाट बघायला लागली. ताईने हे याआधी कधी पाहिलं नव्हतं. घरात आईने विचारलं की उत्तर यायच्या आत ताटात पडलेलं असायचं.

मुलीने काजू सांगितले. मग पिस्ते सांगितले. मग थोडा वेळ ती अडखळली, काकूंकडे बघितलं, खाली बघितलं.

"बोल ना."

"रागावणार नाही ना?"

"नाही रागवत."

"मला ना, काकू, क्रीम आवडतच नाही. दुधाचंसुद्धा नाही. पहिल्या दिवसापासून नाही आवडलं. पण तुम्ही एवढ्या मायेने घालायचात, म्हणून मी सगळ्यात आधी तेच खाऊन टाकायचे."

 आईने पदर डोळ्यांना लावला, आणि हसते आहे की रडते आहे ते दारातून ताईला कळलं नाही. मुलगी घाबरून तिच्या जवळ सरकली.

"आणखी सांग," आई पदराआडून म्हणाली. "आणखी काय काय आवडत नाही?"

मुलगी सांगायला लागली. यादी बरीच लांब होती.